थोरल्या जावेची शिकवणी

गडब गावात कुणाला तहसीलदाराकडे अर्ज करायचा असो, नाहीतर लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या वर घालायचं हा पेच पडलेला असो, माणूस आधी हैबतराव म्हात्र्यांच्या ओटीवर यायचा आणि विचारायचा, "सूनबाई हाय का घरात?"

सूनबाई म्हणजे थोरली, नूतन. ती हात पुसत बाहेर यायची, पण लगेच नाही. आत दाराआड उगाच जरा थांबायची. ओटीवरच्या माणसाने आपली वाट बघावी हे तिला आवडायचं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही तिला वाटत नसे.

गागोद्याकडची ही मुलगी पेणच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. झाली आणि ह्या घरात आली. नवरा सुजय नागोठण्याच्या कंपनीत कंत्राटदाराकडे शिफ्टमध्ये. घरची भातशेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. सासू बायजाबाई वालाचं बिरडं सोलून पेणच्या बाजारात विकायची. ह्या सगळ्यात नूतनच्या वाट्याला स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तिची भाषा. कुठल्या शब्दाबरोबर कुठलं क्रियापद नांदतं हे तिला उपजत कळायचं. ती म्हणायची, "शब्दांचीपण लग्नं ठरलेली असतात. आरोप करायचा, ठपका ठेवायचा, आळ घ्यायचा. ह्याची बायको त्याच्या घरात घातलीत तर संसार होईल का?" ऐकणारे हसायचे आणि नूतन आणखी दोन उदाहरणं द्यायची.

सरकारी भरतीच्या परीक्षा तिने कितीतरी दिल्या. योग्य क्रियापद निवडून वाक्य पूर्ण करा, हा प्रश्न आला की ही चहा पिता पिता सोडवावा तसा सोडवायची. पण पुढे गणित यायचं आणि बाई तिथे आपटायच्या. दर वेळी थोडक्यात हुकायचं. तरी घरात तिचा मान उतरला नाही. "आमची नूतन म्हंजे चालतं बोलतं पुस्तक हाय," असं हैबतराव चारचौघांत सांगायचे, आणि नूतन आतून ते ऐकायची.

मग धाकट्या दिराचं, हर्षदचं, लग्न झालं आणि अपेक्षा घरात आली. रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावची, बी. कॉम. झालेली, वडील मिठाच्या वजनकाट्यावर मुकादम. दिसायला चारचौघींसारखीच, पण जीभ तुरुतुरु चालणारी आणि हिशोब तोंडावर. भाताच्या पोत्यांचा आकडा ती कागद न घेता सांगायची. नूतनने पहिल्या महिन्यात तिचं कौतुक केलं. दुसऱ्या महिन्यात जरा कमी केलं. तिसऱ्या महिन्यात हैबतरावांचा चष्मा फुटला आणि पेपर वाचून दाखवायचं काम अपेक्षाकडे गेलं, तेव्हा तिने कौतुक करणं बंदच केलं.

पेपर वाचण्याचं काम खरं म्हणजे कुणालाही नको असतं. नूतनलाही ते कधी हवं नव्हतं. पण आता रोज सकाळी ओटीवरून तो दुसरा आवाज यायचा, मध्ये सासऱ्यांचं हसणं यायचं, आणि चुलीपुढे बसलेल्या नूतनची भाकरी करपायची.

तरी हे सगळं तिने गिळलं असतं. पण एक दिवस गावातले बाबाजी पाटील जमिनीच्या मोजणीचा अर्ज घेऊन आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "सूनबाई हाय का घरात?"

हैबतरावांनी सहज विचारलं, "कुठची? थोरली का धाकली?"

नूतन दाराआड उभी होती. इतकी वर्षं ह्या घरात 'सूनबाई' म्हटलं की ती एकटीच उठत होती. आता विचारावं लागत होतं. म्हाताऱ्याच्या मनात काही नव्हतं हे तिलाही कळलं, पण कळून उपयोग काय! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अर्ज तिनेच लिहिला, आणि त्या दिवसापासून ती धाकट्या जावेला पाण्यात पाहायला लागली.

अशात पेण-रोह्यात शाखा असलेल्या एका पतसंस्थेत लिपिकांची भरती निघाली. जागा दोन, एक पेणची, एक रोह्याची. लेखी परीक्षा रोह्याला. नूतनचं वय कसंबसं बसत होतं, ह्यानंतर बसणार नव्हतं. तिने अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी अपेक्षानेही भरला, आणि वर पाण्याची कळशी उतरवता उतरवता म्हणाली, "वहिनी, माझं गणित व्हईल, पण ती क्रियापदं माझी लय कच्ची हायत. तुमी शिकवाल ना?"

बायजाबाई तिथेच होती. ती म्हणाली, "शिकवील तर! घरातली गंगा हाय, बाहेर कशाला जातेस? आणि जागाबी दोन हायत गो. दोघी जाल मोटारीत बसून."

दोन जागा. सासूला त्यात दोन सुना दिसल्या. नूतनला दिसलं ते असं, की आपण लागलो तर गाव म्हणेल, दोघीही लागल्या. आयुष्यभर वाट बघून मिळणाऱ्या गोष्टीला मिळण्याआधीच वाटेकरी आली होती. ती म्हणाली, "शिकवीन की."

शिकवणी बसली ती दुपारी, बिरड्यापुढे. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. उद्याच्या बाजारासाठी रोज भलं मोठं पातेलं सोलायचं असायचं. हात ओले, पाण्याने सुरकुतलेले, त्यामुळे वही-पेन जवळ घ्यायची सोय नव्हती. सगळं तोंडीच. नूतनला पुस्तक लागतही नव्हतं. ती वाक्य अर्धं सोडायची, अपेक्षा ते पुरं करायची, आणि बरोबर आलेलं क्रियापद दोघी मिळून घोकायच्या, दाण्यागणिक एकदा. वाल पातेल्यात पडायचा आणि क्रियापद तोंडातून.

"पोलिसांनी त्याला नोटीस..."

"दिली."

"दिली चालतंय गो, पण परीक्षेला बजावली. म्हण. नोटीस बजावली, नोटीस बजावली."

पहिले काही दिवस नूतनने इमानाने शिकवलं. तिला मजाही आली. शिकवताना मनातली अढी कुठे जायची कोण जाणे. पण पोरगी फार लवकर शिकली. एकदा नूतनने वाक्य टाकलं, "मोठ्या भावाचा कित्ता..." आणि ते पुरं म्हणून व्हायच्या आत अपेक्षा म्हणाली, "गिरवला!"

बाहेर ओटीवर हैबतराव पडले होते. त्यांनी तिथूनच दाद दिली, "वा गं वा! नूतन, ही तर तुझ्याबी पुढं जाते का काय!"

अपेक्षा लाजून हसली. नूतनही हसली. आणि पुढचं वाक्य तिने असं टाकलं, "त्याने वैऱ्यावर सूड..."

"उगवला," अपेक्षा म्हणाली, पण जरा अडखळत. "उगवला ना वहिनी? का उगारला?"

पोरीने स्वतःच दार उघडून दिलं. नूतनच्या जिभेवर खरं क्रियापद तयार होतं. तिने ते तिथेच ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "उगारला. उगवतं ते भात. म्हण, सूड उगारला."

"सूड उगारला," अपेक्षा म्हणाली, आणि वाल पातेल्यात पडला.

त्या दुपारी नूतनला इतकं हलकं वाटलं, की तिने संध्याकाळी स्वतःहून सगळ्यांसाठी भजी केली. आता खरं बोलायचं तर असं हलकं वाटणं हेच वाईट. पाप बोचलं असतं तर बाई दुसऱ्या दिवशी सावरली असती. ते गोड लागलं. मग रोज पाच-दहा खऱ्यांमध्ये एखादं खोटं असं तिने पेरायला घेतलं. शिक्षा ठोठावायची ती हिच्या शिकवणीत बजावायला लागले. ठपका ठेवायचा तो लावायला लागले. मत्सर करणारं माणूस आळशी नसतं. कुठलं क्रियापद खोटं असूनही खऱ्यासारखं वाटेल ह्याचा नूतन सकाळपासून विचार करायची, भात कांडपाला नेताना, विहिरीवर, सुजयचा डबा भरताना. आणि खोटं पक्कं बसावं म्हणून खऱ्यापेक्षा दुप्पट घोकून घ्यायची. "ठपका लावला, ठपका लावला. म्हण गो, तोंड उघड." त्या शब्दांची खरी क्रियापदं मात्र ती आता उच्चारतच नव्हती. ती मला येतातच, असं तिचं म्हणणं.

एकदाच अपेक्षाचा हात थांबला होता. ती म्हणाली, "वहिनी, ठपका ठेवला असंपण म्हणतात काय? मी कुठंतरी..."

"बी. ए. कोण हाय, तू का मी?" नूतन कडाडली. "विश्वास नसंल तर क्लास लाव पेणला."

"तसं नाय वहिनी," अपेक्षा म्हणाली, आणि खाली मान घालून सोलायला लागली. त्यानंतर तिने कधीच काही विचारलं नाही. नूतन सांगेल ते ती मुकाट म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी दोघी एसटीने रोह्याला गेल्या. बायजाबाईने दोघींत मिळून एकच डबा दिला होता, तांदळाची भाकरी आणि बिरडं. नागोठणं मागे पडल्यावर अपेक्षाने खिडकीची जागा नूतनला दिली, कारण थोरलीला गाडी लागायची. नूतनने ती घेतली आणि बाहेर बघत राहिली.

पेपर हातात आला. गणित नेहमीसारखंच होतं, म्हणजे वाईट. नूतनने त्याची पर्वा केली नाही, भाषेवर आपण सगळं भरून काढू हे तिला ठाऊक होतं. पान उलटलं. 'न्यायालयाने आरोपीला सक्तमजुरीची शिक्षा...' खाली चार पर्याय. नूतनचा हात सरळ 'बजावली'पुढच्या गोलाकडे गेला आणि गोल काळा करून मोकळा झाला. मग ती दचकली. हे तर आपलंच पेरलेलं! शाईचा गोल पुसता येत नव्हता. पुढचा प्रश्न तिने जपून वाचला. चौकशी समितीने अधिकाऱ्यावर ठपका... लावला? ठेवला? तिने दोन्ही मनात म्हणून पाहिली. पूर्वी चुकीचं क्रियापद तिच्या कानाला खड्यासारखं लागायचं. आज काहीच लागेना. एक तिला कॉलेजपासून येत होतं आणि दुसरं तिने इतके दिवस, ओल्या हातांनी, दाण्यागणिक स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. धाकटीला घोकवताना आपणही घोकतो आहोत, हे त्या शहाणीच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकदा घाबरली म्हटल्यावर मग खरी होती तीही खोटी वाटायला लागली. नोटीस बजावली का ठोठावली? कित्ता गिरवला का घोटला? पेणच्या माणसाने गणपती करायला बसावं आणि माकड व्हावं, तशी गत झाली. 'सूड'पुढे तिने किती वेळ घालवला कोण जाणे. शेवटी घंटा होता होता एक गोल भरला, तोही डोळे मिटून.

बाहेर अपेक्षा डबा उघडून थांबली होती. "कसा गेला वहिनी?"

"सोपाच होता," नूतन म्हणाली. एका गोष्टीवर ती तग धरून होती. आपण चुकलो ते चार-दोन ठिकाणी. ही पोरगी तर सगळीच चुकली असणार.

निकाल लागला तो वालाच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा. अपेक्षा पहिली. दुसरी नागोठण्याची कुणी प्रतीक्षा नावाची मुलगी. नूतन तिसरी, थोडक्यात हुकलेली, नेहमीसारखी. फक्त ह्या वेळी हुकलं होतं ते गणितात नाही.

हर्षदने त्या आनंदात संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला कोंबून मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. घरचे सगळे भोवती बसले. हैबतराव खुशीत होते. ते म्हणाले, "ह्याचं श्रेय नूतनला हाय. तिनं शिकवलं म्हणून ही लागली. स्वतःचं राहिलं, पण जावेचं केलं. असं कोण करतं आजकाल?"

"खरंच गो," बायजाबाई म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

अपेक्षा उठली आणि सगळ्यांदेखत नूतनच्या पाया पडली. नूतनने तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय करणार? सुजयने तिच्यापुढे पहिल्या गरम शेंगा ठेवल्या, त्यातला एक दाणा तिने तोंडात टाकला आणि तिची जीभ पोळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बिरड्याचं पातेलं. अपेक्षाला पुढल्या महिन्यात पेणच्या शाखेत हजर व्हायचं होतं. नूतन सोलत होती. हिला गुण मिळालेच कसे, हा किडा तिच्या डोक्यातून जात नव्हता. गणितावर तरली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. थोडे वाल सोलून झाल्यावर अपेक्षाच म्हणाली, "वहिनी, एक बोलू? रागावणार नाय ना?"

"बोल."

"मला माहेरी बाबांनी सवय लावलीय. कुणी काय सांगितलं तर एकदा ताडून बघायचं, काट्यावर घालून. म्हणून तुमी दुपारी घ्यायचात ते मी नंतर गाईडमध्ये बघायचे. त्यात तुमची थोडी..." ती अडखळली. "थोडी चुकायची वहिनी. सूड, ठपका, शिक्षा. अशी बरीच."

नूतनचा हात पाण्यातच राहिला.

"मग तेव्हाच का नाय बोललीस?"

"एकदा बोलाय गेले तर तुमी चिडलात. आणि आईनं सांगून पाठवलेलं, थोरल्या जावेची चूक तोंडावर काढू नको, तिचा मान जातो. मला वाटलं, कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, इसरतं माणूस. त्यात काय लाजायचं?" अपेक्षाचा आवाज मऊ झाला. "मी कुणाला सांगितलं नाय वहिनी, ह्यांनापण नाय. आन सांगणारपण नाय. इथल्या बाबांना वाटतंय तुमी पुस्तक हाव, तर वाटू दे. पण तुमची इच्छा असंल तर आता मी बसवते तुमाला. सोप्यापासून घेऊ."

म्हणजे इतके दिवस आपण हिला फसवत होतो, आणि ही आपली कीव करत होती! मान खाली घालून, वाल सोलत, सांगू ते मुकाट म्हणत. पोरीने किती नीट वाट करून दिली होती. नुसतं 'व्हय गो, इसरले मी' म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. घरातला मान राहिला असता, सासऱ्यांचं पुस्तक राहिलं असतं, आणि ही धाकटी जन्मभर तिला जपत राहिली असती, अडाणी समजून.

अपेक्षाने खरंच सोप्यातलं एक वाक्य टाकलं, लहान पोराला विचारावं तसं. "बघा हां. आजीनं समईची वात..."

"वळली," नूतन ताडकन म्हणाली. "समईची वात वळली. सूड उगवला. ठपका ठेवला. शिक्षा ठोठावली. मला येत होतं अपेक्षा. सगळं येत होतं. तेव्हाबी येत होतं."

हे बोलताना तिची मान ताठ होती. वाईट म्हटलेलं तिला चाललं असतं, अडाणी म्हटलेलं नाही. मान ताठ होती तोवर तिला बरंही वाटलं.

अपेक्षा आधी हसली, वहिनी आब राखायला बोलते आहे असं वाटून. मग तिने नूतनच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

"येत होतं?" तिने विचारलं.

नूतनने पाण्यातला एक दाणा उचलला आणि सोलला.

अपेक्षाने ओले हात साडीला पुसले. ओरडेल, रडेल, बाहेर जाऊन सासऱ्यांना सांगेल, ह्या सगळ्याला नूतन तयार होती. अपेक्षाने तसं काहीच केलं नाही. पातेल्यातले आपल्या वाट्याचे वाल तिने टोपल्यात काढून घेतले आणि उठली. दारापाशी जाऊन थांबली.

"जागा दोन होत्या वहिनी," ती म्हणाली.

मग ती बाहेर पडवीत सासूशेजारी जाऊन सोलायला बसली. नूतनपुढे अर्धं पातेलं राहिलं होतं, पाणी गार होत आलं होतं, आणि ते सगळं आता तिला एकटीला सोलायचं होतं.